लहान मुलांची ऑनलाइन सुरक्षा: सुरुवात घरातल्या मोठ्यांच्या फोनपासून

पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे स्वतःचा फोन नसतो. त्याच्या हातात असतो तो आईचा, बाबांचा, आणि फार घरांत आजोबांचा. त्याच फोनवर बँकेचं ॲप असतं, सोसायटीचे आणि भावकीचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, यूट्यूबवर काल रात्री मोठ्यांनी पाहिलेल्या गुन्ह्यांच्या बातम्या असतात. मुलाला मोबाइल किती वेळ द्यावा हे प्रत्येक पालकसभेत विचारलं जातं. जो फोन देतो तो कुणाचा आणि त्यात काय काय उघडं पडलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी.

हा लेख साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. तंत्रज्ञानाची जाण नसली तरी चालेल. सेटिंग्जची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर जी शोधायची चौकट असते तिच्यात नाव टाइप करा. सगळं एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. पहिल्या तीन गोष्टी मात्र आजच करा.

१. घरातली उपकरणं कागदावर लिहा

आई, बाबा, आजी, आजोबा, आत्या किंवा मामा वारंवार येत असतील तर त्यांचे फोन, टॅब, स्मार्ट टीव्ही, आणि कपाटात पडलेला जुना फोन. त्या जुन्या फोनकडे हमखास दुर्लक्ष होतं. सिम नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण घरच्या वायफायवर त्यात सगळं चालतं आणि तुमचं ईमेल, तुमचं यूट्यूब त्यात अजून उघडंच असतं.

यादी झाली की मुलाच्या हातात प्रत्यक्षात काय काय जातं त्यावर खूण करा. मग ठरवा: मुलासाठी एकच उपकरण, बाकी सगळ्यांना कुलूप. कुलूप म्हणजे सहा आकडी पिन. पॅटर्न नको, तो बोटाच्या हालचालीवरून चार वर्षांचं मूलही उचलतं. आणि एक गोष्ट आत्ताच तपासा. मुलाला सारखं सारखं फोन उघडून द्यायला नको म्हणून पुष्कळ पालक त्याच्याच बोटाचा ठसा फोनमध्ये नोंदवून ठेवतात. पेमेंटची आणि बँकेची बरीच ॲप त्याच ठशावर उघडतात. सेटिंग्जमध्ये 'फिंगरप्रिंट' शोधा आणि तो ठसा काढून टाका.

आजी-आजोबांशी कसं बोलायचं यावर बरंच अवलंबून आहे. 'तुम्ही त्याला फोन देऊच नका' म्हटलं की ते दुखावतात आणि मागच्या खोलीत गुपचूप फोन दिला जातो. त्यापेक्षा, 'आई, तुमच्या फोनवर त्याच्यासाठी एक वेगळं ॲप टाकून देते. तो मागे लागला की तुम्ही तेवढंच लावून द्या, दुसरं काही नको,' असं म्हणा. पुढे सांगितलेलं ॲप पिन करणं त्यांना शेजारी बसून शिकवा. दोनतीनदा करून घेतलं की जमतं.

२. पैशांची दारं बंद करा

यूपीआयला पिन लागतो, म्हणून पैसे सुरक्षित आहेत असं आपण धरून चालतो. पण यूपीआय लाइट सुरू असेल तर लहान रकमेला पिन लागतच नाही. ते सोयीसाठीच तसं केलेलं आहे. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर यूपीआय लाइट बंद करा. त्यातली शिल्लक तुमच्या बँक खात्यात परत जाते.

त्याच ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाची यादी असते. एकदा मंजुरी दिली की दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना बहुतेक वेळा पिन विचारला जात नाही. 'तीन दिवस फुकट' म्हणून सुरू केलेली गेमची किंवा गोष्टींच्या ॲपची वर्गणी इथे सापडते. ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद रद्द करा.

मग प्ले स्टोअर उघडा, आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा, सेटिंग्जमध्ये जा, आणि खरेदीआधी ओळख पडताळण्याचा पर्याय 'प्रत्येक खरेदीला' असा ठेवा. आयफोनवर हेच सेटिंग्जच्या 'स्क्रीन टाइम' या विभागातल्या खरेदीच्या निर्बंधांत मिळतं. खरेदीच्या साइटवर कार्ड जतन करून ठेवलं असेल तर तेही पुसा. आणि दुकानात मूल कडेवर असताना पिन टाकताना हात आडवा धरा. मुलं आकडे फार चटकन पाठ करतात.

३. फोन द्यायचाच असेल तर एका ॲपमध्ये बांधून द्या

अँड्रॉइडमध्ये याला 'ॲप पिनिंग' म्हणतात. सेटिंग्जमध्ये ते शोधून चालू करा, आणि त्याच पानावरचा 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हा पर्यायही चालू करा. तो नसेल तर बाकीचं केलेलं फुकट आहे. आता मुलाला द्यायचं ॲप उघडा, अलीकडच्या ॲपची यादी आणा, त्या ॲपच्या वरच्या चिन्हावर टॅप करून 'पिन' निवडा. मूल आता त्यातून बाहेर पडू शकत नाही. व्हॉट्सॲप नाही, फोटो नाहीत, बँक नाही.

आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, 'गायडेड ॲक्सेस'. चालू करून त्याला वेगळा आकडा द्या. मग हव्या त्या ॲपमध्ये बाजूचं बटण तीनदा दाबलं की ते लागू होतं.

अगदी लहान मुलांसाठी याहून सोपा उपाय आहे तो एअरप्लेन मोड. रंग भरायचे, जोड्या लावायचे खेळ इंटरनेटशिवाय चालतात. नेट बंद असलं की नव्या जाहिराती येत नाहीत, आणि त्या जाहिरातींवर चुकून बोट पडून भलतंच पान उघडत नाही.

४. यूट्यूब

यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लहान मुलं ऑनलाइन असतात म्हणजे बहुतेक वेळ इथेच असतात.

मोठ्यांचं यूट्यूब मुलाला देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. बडबडगीत शोधून लावून दिलं तरी ते संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि तो कोणता लागेल हे त्या फोनवर आधी काय पाहिलं गेलंय यावरही ठरतं. शॉर्ट्समध्ये तर मूल अंगठ्याने वर सरकवत राहतं आणि दोन मिनिटांत कुठल्या कुठे पोचतं. मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांचे चेहरे वापरून मारहाणीचे, किळसवाणे, लैंगिक सूचकतेचे व्हिडिओ बनवून ते लहान मुलांपर्यंत पोचवले जात असल्याचं २०१७ मध्ये जगभर उघड झालं. यूट्यूबने मोठ्या प्रमाणावर असे व्हिडिओ काढले. पण व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्रावर ओळखीचं कार्टून दिसलं म्हणजे आत ठीकच असणार, हा भरवसा तेव्हापासून कुणी ठेवू नये.

म्हणून 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप टाका. सुरुवातीला ते मुलाचं वय विचारतं: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. खरं वय द्या. पण वयाचा गट निवडून थांबू नका, कारण ती निवड शेवटी यंत्र करतं आणि ते चुकतं. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलासाठी 'फक्त मंजूर केलेला आशय' असा पर्याय निवडा. मग तुम्ही ज्या चॅनेलवर, ज्या व्हिडिओवर खूण केलीत तेवढेच मुलाला दिसतात आणि शोधायची सोयच बंद होते. एकदा बसून आठ-दहा चॅनेल निवडावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण या सगळ्या लेखातलं सर्वांत मोलाचं आहे. निवडताना प्रत्येक चॅनेलचे दोनतीन व्हिडिओ मधूनच उघडून बघा. मराठी गोष्टी, गाणी, विज्ञानाचे छोटे प्रयोग, चित्रकला असं भरपूर मिळतं.

मुलगी मोठी असेल आणि शोधायची मुभा ठेवायचीच नसेल तर वयाचा गट कायम ठेवून फक्त शोध बंद करता येतो. वेळेसाठी ॲपमध्ये टायमर आहे. वेळ संपली की ॲप स्वतःच थांबतं. 'आई बंद करते' याऐवजी 'ॲप थांबलं' असं झालं की रडारड बरीच कमी होते.

आता त्याचं कुलूप. पालकांच्या सेटिंग्जमध्ये शिरताना यूट्यूब किड्स एक गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेलं तिसरीतलं मूल तो सहज सोडवतं. म्हणून तिथे स्वतःचा चार आकडी पासकोड टाका.

टीव्ही विसरू नका. स्मार्ट टीव्हीवरचं यूट्यूब बहुतेक घरांत बाबांच्या खात्यावर चालू असतं आणि रिमोट सगळ्यांचा असतो. टीव्हीवरही मुलासाठी यूट्यूब किड्सचं प्रोफाइल करा.

वेळ किती? इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला अगदी लहानग्यांसाठीही सूट आहे, तेव्हा न्यू जर्सीतल्या नातवाने नाशिकच्या आजीशी खुशाल बोलावं.

५. मुलाचा स्वतःचा टॅब असेल तर

तेव्हाच गुगलचं 'फॅमिली लिंक' वापरा. सामायिक फोनवर त्याचा उपयोग नाही, उलट गोंधळ होतो. आधी तुमच्या फोनवर फॅमिली लिंक टाका, त्यातून मुलाच्या नावे नवं गुगल खातं काढा आणि ते खातं टॅबवर जोडा. जन्मतारीख खरी द्या. लवकर सगळं उघडावं म्हणून जन्मसाल मागे ढकललं की गुगल त्या मुलाला मोठा समजतं आणि सगळी कुंपणं आपणहून गळून पडतात. यानंतर नवं ॲप टाकायला तुमची परवानगी लागेल, रोजची वेळ ठरवता येईल, रात्री टॅब आपोआप बंद होईल. ॲपला परवानगी देण्यापूर्वी प्ले स्टोअरवरचा वयाचा आकडा बघा: ३+, ७+, १२+ असा तो ठळक दिलेला असतो. ॲपलच्या उपकरणांवर हेच काम 'स्क्रीन टाइम' करतं.

घरच्या वायफायवर आणखी एक जाळी लावता येते. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) दोन जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरा. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट उघडू देत नाही. जमत नसेल तर ब्रॉडबँडच्या माणसाला सांगा. मोबाइल डेटावर ही जाळी लागू होत नाही आणि यूट्यूबच्या आत काय चाललंय त्याच्याशी तिचा संबंध नाही.

६. गेममधली बोलणारी माणसं

नवख्या पालकांना गेमचा धोका म्हणजे मारामारी आणि डोळे खराब होणं वाटतो. खरा धोका आहे तो चॅट आणि व्हॉइसचा. लुडोसारख्या घरगुती वाटणाऱ्या खेळातही अनोळखी माणसाबरोबर डाव मांडता येतो आणि बोलता येतं. मुलांना गाठणारी माणसं बहुधा इथेच सुरुवात करतात, आणि सुरुवात नेहमी गोड असते: डायमंड देतो, स्किन देतो, रोबक्स देतो (ही गेममधली चलनं आणि पात्रांचे पोशाख), फक्त व्हॉट्सॲप नंबर दे. गेममधून व्हॉट्सॲपवर नेण्याचा हा आग्रह ही सर्वांत स्पष्ट खूण आहे.

मुलाला गेम देण्याआधी तो स्वतः पंधरा मिनिटं खेळा. सेटिंग्जमध्ये चॅट आणि व्हॉइस बंद करा, बंद होत नसतील तर त्या वयाला तो गेम नको. प्लेअरचं नाव मुलाच्या खऱ्या नावाचं, शाळेचं, गावाचं नसावं. रोब्लॉक्स या मुलांच्या आवडत्या गेममध्ये पालकांचं खातं मुलाच्या खात्याशी जोडता येतं, ते जोडा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. तसं काही फोनवर दिसलं तर सरळ काढून टाका.

७. मुलाचे फोटो आपणच टाकतो

वाढदिवसाचा फोटो, त्यावर तारीख. गणवेशातला फोटो, त्यावर शाळेचा बिल्ला. स्कूल व्हॅनसमोरचा फोटो, मागे नंबर. सहा महिन्यांच्या पोस्ट एकत्र ठेवल्या तर मुलाचं नाव, शाळा, घराचा रस्ता आणि येण्याजाण्याची वेळ कुणीही काढेल. शिवाय आता साध्या चेहऱ्यावरून विवस्त्र चित्र बनवणारी साधनं निघाली आहेत. अंघोळीचे, लंगोटातले बाळाचे फोटो कौतुकाचे असले तरी अल्बममध्येच राहू द्या.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, आणि मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी असं कंपन्यांवर बंधन घालतो. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण घरातल्या माणसांनी टाकलेले फोटो त्याच्या कक्षेत येत नाहीत. ते आपल्यालाच सांभाळावे लागतात.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो आणि स्टेटस 'माझे संपर्क' एवढ्यांपुरतं ठेवा, आणि ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं तिथेही तेच करा. फेसबुकवरची पोस्ट 'फ्रेंड्स'पुरती. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद. मुलाचं आधार, जन्मदाखला हे वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. शाळेने मागितलं तर बाईंना वेगळं पाठवा आणि नंतर चॅटमधून पुसा. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळा कुठे टाकते हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'मॅडम, हिचा फोटो ग्रुपवर चालेल, पण शाळेच्या फेसबुक पानावर नको,' एवढं लेखी कळवून ठेवा.

८. मुलाशी बोलायचं ते असं

चार-पाच वर्षांच्या मुलाला 'सायबर गुन्हेगारी' समजत नाही. त्याला तीन गोष्टी पुरतात, आणि त्या भीती न घालता, अंथरुणात पडल्यावर किंवा डबा भरताना सांगाव्यात.

पहिली: 'आईला सांगू नकोस' असं कुणीही म्हटलं, की तीच गोष्ट आधी आईला सांगायची. म्हणणारा काका असो, दादा असो, गेममधला मित्र असो. दुसरी: कपड्यांशिवायचा फोटो कुणी मागत नाही आणि आपण कुणाला देत नाही. शाळेत चांगला-वाईट स्पर्श शिकवतात, त्याला हे जोडून द्या. तिसरी: पडद्यावर काही विचित्र दिसलं तर फोन पालथा घालायचा आणि हाक मारायची.

हे खेळातून घोकून घ्या. 'समज, मी गेममधला एक दादा आहे. मी म्हणालो, तुझा नंबर दे, तुला शंभर डायमंड देतो. तू काय करशील?' मुलं हसत हसत उत्तरं देतात आणि ती लक्षात ठेवतात.

एक दिवस ती हाक येईलच. तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हे निघायला हवं. 'तरी म्हटलं होतं, देऊ नका त्याला फोन' हे वाक्य बाहेर पडलं, की पुढच्या वेळी मूल गप्प बसेल. मुलाला काय दिसलं, त्याला काय वाटलं हे ऐकून घ्या, प्रश्न कमी विचारा.

९. काही घडलंच तर

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवायचे असतात, म्हणून इथे उशीर परवडत नाही.

कुणी मुलाला घाणेरडे मेसेज केले, फोटो मागितले, धमकी दिली असेल तर चॅट पुसू नका. समोरच्याचं नाव, नंबर, प्रोफाइल आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पैसे देऊन गप्प करायला जाऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. मुलाचा विवस्त्र फोटो त्यात असेल तर तो सल्ला घ्यायच्या निमित्तानेही कुणाला पुढे पाठवू नका. मुलांचे असे फोटो पसरवणं पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवा.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा तिथे वेगळा विभाग आहे आणि त्यात नाव न देता तक्रार करायचीही सोय आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीच्या वेळी ११२. फोटो इंटरनेटवर पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत आंतरराष्ट्रीय सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो हुडकून काढतात.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला घरं घाबरतात, मुलाचं नाव होईल म्हणून. पॉक्सो कायदा, २०१२ यात काय लिहिलंय ते माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकाऱ्याने गणवेशात असायचं नसतं. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, शाळा, पत्ता माध्यमांनी छापायचा नसतो. आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, गुन्हेगार नात्यातला असला तरीही. ठाण्यात कुणी 'घरातच मिटवा' असं सांगू लागलं तर ही कलमं १९ ते २४ मध्ये आहेत, ती लिहून बरोबर न्या, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय निघू नका.